फोंड्यातला फ्लॅट विकून पर्वरीच्या बाजूला घर: आधी विकावे की आधी घ्यावे?

आंगण | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याला कुर्टीत राहतो. दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. नवरा पणजीत कामाला, मी म्हापशाला. सासूबाईंचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून फार दुखतात. देवळात जायचे म्हटले तरी जिने उतरून परत चढायचे या विचारानेच त्या बेत रद्द करतात. म्हणून पर्वरी, सुकूर, साळगाव, म्हापसा या पट्ट्यात तळमजल्याचे काही मिळते का ते बघतोय. लहान रो हाऊस, जुने कौलारू घर, काहीही चालेल. दारात थोडी माती हवी, एवढाच हट्ट.

घरे मुळात थोडी, आणि जी येतात ती बघेपर्यंत जातात. एजंट सकाळी फोटो पाठवतो, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर येतो म्हणावे तर दुपारीच "टोकन झाले" असा निरोप. सुकूरला एक घर मनात भरले होते. मालकीणबाईंनी बसवून चहा दिला, सासूबाई विहिरीपाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होकार कळवला, तोवर बंगळुरूच्या कुणीतरी व्हिडिओ कॉलवर घर बघून पैसे पाठवले होते.

पेच असा, की फोंड्याचा फ्लॅट विकल्याशिवाय आमच्याकडे पुरेसे पैसे होत नाहीत. आधी विकला आणि घर मिळालेच नाही, तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन भाड्याच्या घरांतून किती फिरायचे? आधी घेतले आणि फ्लॅट अडकला, तर डोक्यावर दोन हप्ते. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, त्यावर थोडे कर्जही शिल्लक आहे. माझे माहेर सावंतवाडीचे, लग्न फोंड्यालाच नोंदवलेले.

ज्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत गोव्यात घर घेतले किंवा विकले त्यांनी कसे निभावले ते सविस्तर लिहाल का?

किनारपट्टी | शनिवार, रात्री १०:४०

ताई, स्पष्ट लिहितो. "उद्या सकाळी कळवतो" म्हणालात की घर गेले. मी शिवोलीला घेतले तेव्हा घर बघता बघताच टोकन दिले, अंगणात उभ्यानेच. समोर दिल्ली-मुंबईचे पैसेवाले उभे असतात, त्यांना कर्जाची वाट बघायची नसते. तुमच्याकडे टोकनाचे पैसे खात्यात तयार हवेत आणि निर्णय घेणारी सगळी माणसे एकाच वेळी घर बघायला हवीत. कागद नंतर बघता येतात.

बँकेतला | शनिवार, रात्री ११:०५

टोकनाचे पैसे तयार हवेत हे बरोबर. पण कर्ज घेणाऱ्याने त्याआधी आपली उडी किती ते पक्के करावे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत. ही टक्केवारी घराच्या किमतीची. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, एजंट हा सगळा खर्च तुमच्या खिशातून.

गोव्यात सध्या लोक अडकतात ते पुढच्या गोष्टीत. भाव भराभर चढतात आणि बँकेचा व्हॅल्युअर मागच्या नोंदलेल्या व्यवहारांवरून किंमत काढतो. मालक ९० लाख म्हणतो, व्हॅल्युअर ७५ लिहितो. कर्ज ७५ वर बसते, मधले १५ लाख तुम्ही उभे करायचे. हा खड्डा टोकन दिल्यावर दिसला तर फार त्रास होतो. म्हणून आधीच बँकेत जाऊन पगाराच्या आधारावर मंजुरीपत्र घ्या आणि त्या बँकेच्या यादीतला व्हॅल्युअर त्या गावात साधारण काय दर धरतो ते तिथेच विचारा. शाखेतले लोक सांगतात.

फ्लॅटवरचे कर्ज ही अडचण नाही. बाकी रकमेचे पत्र बँकेकडून काढून ठेवा. घेणाऱ्याची बँक तेवढी रक्कम थेट तुमच्या बँकेत भरते आणि मूळ कागद सुटतात. फ्लोटिंग दराचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही.

वकीलबाई_म्हापसा | रविवार, सकाळी ७:३०

किनारपट्टी, तुमचे घर सुखरूप झाले याचा आनंद आहे. पण "कागद नंतर बघता येतात" हे वाक्य मी इथे तसेच राहू देणार नाही. माझ्या टेबलावर येणारी निम्मी दुखणी याच वाक्यातून येतात.

महाराष्ट्रात घर घेतलेल्या माणसाला सातबारा आणि इंडेक्स टू बघायची सवय असते. गोव्यात उतारा म्हणजे फॉर्म एक-चौदा, शहराच्या हद्दीत फॉर्म डी. तो ऑनलाइन निघतो, लोक नाव बघतात आणि खुश होतात. त्या उताऱ्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. ती नोंद सत्तरच्या दशकातल्या पाहणीवर उभी आहे आणि कोर्टात तिला उत्तर देता येते. मालकीची साखळी त्याच्या मागे, पोर्तुगीज काळातल्या नोंदींपर्यंत जाते: देस्क्रिसांव (मालमत्तेचे वर्णन), इन्स्क्रिसांव (मालकाची नोंद), मात्रीज (करनोंद). शिवाय उताऱ्यात कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना असतो. तिथे एखादे जुने नाव बसलेले असेल तर १९६४ चा कूळ कायदा किंवा १९७५ चा मुंडकार कायदा दारात उभा राहतो. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. त्याला काढता येत नाही आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. भाटकाराने भाट (माडा-झाडांची जमीन) विकले म्हणून तो हक्क जात नाही, आणि जाऊही नये.

दुसरी गोष्ट सह्यांची. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आंगणताई, तुमचा फ्लॅट कागदावर यजमानांच्या नावावर असला तरी विक्रीखतावर तुमची सही लागेल. तुम्ही विकत घ्याल त्या घराच्या मालकाच्या पत्नीचीही लागेल. मालक वारलेले असतील तर सगळ्या वारसांची, आणि प्रत्येक वारसाच्या जोडीदाराची. गोव्याबाहेर वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. तो म्हणतो, थोरल्या भावाने सही दिली ना. त्या एका सहीवर घर मिळत नाही, एक वाद मिळतो.

तिसरे. २०२२ च्या जून महिन्यात सरकारला जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसला. बनावट जुने दस्त तयार करून, परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या मालकांची घरे-जमिनी परस्पर विकल्या गेल्या होत्या. अशा व्यवहारात शेवटच्या खरेदीदाराने खरे पैसे मोजलेले असतात. घाईचा दर सर्वांत जास्त तोच भरतो.

मग चपळ कसे व्हायचे? घर सापडण्याच्या आधी. वकील आधी ठरवा. एजंटला पहिल्याच फोनवर सर्व्हे नंबर आणि गाव मागा. जो देत नाही त्याचे घर बघायला जाऊ नका. नंबर मिळाला की उतारा, सर्व्हे प्लॅन आणि रीजनल प्लॅन २०२१ (सरकारचा जमीनवापराचा आराखडा) मधला झोन, एवढे माझ्यासारखी वकील त्याच दिवशी बघून "पुढे जा" किंवा "थांबा" एवढे तरी सांगू शकते. मग घर बघायला जाताना तुमचा निम्मा निर्णय झालेला असतो.

सत्तरीकर | रविवार, सकाळी ९:१५

मी वाळपईचा, पणजीत भाड्याच्या खोलीत राहतो, वय एकतीस. हा धागा वाचून गप्प बसवत नाही.

घरे थोडी आहेत असे सगळे म्हणतात. माझ्या भाड्याच्या खोलीपासून चालत गेलो तर अंधारलेल्या खिडक्यांच्या इमारती लागतात. डिसेंबरात दिवे लागतात, जानेवारीत विझतात. कुणाची दुसरी घरे, कुणाची पर्यटकांना दिवसावर द्यायची. गोवा सगळा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यात सह्याद्रीची राने, खाजने (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेते), भातशेती, किनाऱ्याचा सीआरझेड (बांधकामाला बंधन असलेला पट्टा), कोमुनिदादीच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थांच्या, जमिनी. उरलेल्या तुकड्यावर देशातले पैसेवाले आणि आम्ही एकाच रांगेत. २०२० नंतर घरून काम करणारे आले, जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू झाला आणि पेडण्यापर्यंत दर गेले. इथे नोकरी करणाऱ्याच्या पगाराचा आणि त्या दराचा काही संबंध राहिलेला नाही.

आंगणताई, तुम्हाला घर मिळो हे मनापासून. तुम्ही त्यात राहणार आहात. माझी एकच विनंती, फोंड्याचा फ्लॅट विकताना राहायला येणाऱ्याला द्या. दोन लाख कमी आले तरी.

किनारपट्टी | रविवार, सकाळी ९:५०

वकीलबाई, तुमचे म्हणणे मान्य. माझ्या घराला सुदैवाने बिल्डर एकच होता आणि रेरात नोंद होती, म्हणून निभावले. जुन्या घराला तो सल्ला लागू नाही.

सत्तरीकर, मी मूळचा कोल्हापूरचा असलो तरी शिवोलीत बारा महिने राहतो. तुमचे वाचून वाईट वाटले.

हळदोण्याचा | रविवार, दुपारी १२:२०

मी विकणाऱ्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कुणी लिहीत नाही.

आमचे हळदोण्याचे घर आजोबांचे. चिरेबंदी, पुढे बाल्कांव (दारापुढची बसायची जागा), मागे माड आणि फणस. आजोबा गेले, मग आजी. बाबा आणि त्यांची चार भावंडे. दोघे गेले, त्यांची मुले. एक चुलत भाऊ लंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर. एक आत्या बेळगावात. घर अनेक वर्षे बंद. दर पावसाळ्यात चार कौले सरकतात, कुणीतरी जाऊन बसवतो. कुणाचे भांडण नाही. तरीही विकता येत नव्हते, कारण आजोबांच्या नावावरून घर पुढे कधी सरकलेच नाही.

सत्तरीकर म्हणतात तशा अंधाऱ्या खिडक्या बाहेरच्यांच्याच नाहीत. बार्देशातल्या कुठल्याही वाड्यावर फिरा, कुलूप लावलेली घरे दिसतील. ती विकत नाहीत असे नाही, विकताच येत नाहीत. वारस पंधरा-वीस, त्यांचे जोडीदार, त्यातले निम्मे परदेशी. बाजारात घरे कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

आम्ही आता इन्व्हेंटरी घातली आहे. २०१२ चा गोवा वारसा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू झाला, त्याखाली कोर्टात मालमत्तेची यादी, वारसांची यादी आणि वाटणी होते. एकमत नसेल तर वारसांतच बोली लागते. आमच्यात एकमत आहे, म्हणून तसे सोपे जात आहे. सुरुवातीला खास नोटरीकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, वारसांचा दस्त केला. वर्तमानपत्रात त्या नोटिसा तुम्ही वाचत असालच.

हे सुरू असताना एजंट दारात येऊन सांगायचा, "साहेब, तुम्ही फक्त आत्ता हो म्हणा, कागद आम्ही बघतो." रक्कम ऐकून घरातली तरुण मुले चळत होती. बाबांनी ठाम सांगितले, वाटणीचा हुकूम हातात आल्याशिवाय कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत. मला त्यांचा निर्णय आज अधिकाधिक बरोबर वाटतो. पैसे घेतल्यावर वीस माणसांतल्या एकाने जरी हात आखडता घेतला, तर घेणाऱ्याचे पैसे अडकतात आणि आपल्या घरात कायमची तेढ पडते.

माझे म्हणणे एवढेच, विकायचा विचार मनात आला त्या दिवशी वकिलाकडे जा, एजंटकडे नंतर. ज्याच्या हातात पूर्ण फाईल आहे त्याला या बाजारात घासाघीस करावी लागत नाही.

आंगण | रविवार, दुपारी ३:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. हळदोण्याच्या दादांच्या बाबांचे त्यांना फार पटले.

वकीलबाई, माझी सही लागेल हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. सत्तरीकर, तुमची विनंती मी विसरणार नाही.

एक घर समोर आहे. साळगावच्या आतल्या बाजूला, जुने, कौलारू, मातीच्या भिंतींवर सिमेंट केलेले, दोन खोल्या नंतर चिऱ्यात बांधलेल्या. विहीर आहे. घरापर्यंत गाडी जात नाही, शेवटचा थोडा भाग पायवाट आहे, शेजाऱ्यांच्या भाटातून. किंमत इतरांपेक्षा कमी, म्हणून दोन दिवस तरी टिकेल असे वाटते. काय बघू?

चिरा_आणि_कौल | रविवार, दुपारी ४:३०

मी सिव्हिल इंजिनिअर, जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामे करतो. सविस्तर लिहितो, कारण या पट्ट्यात जुने घर घेणारे लोक रंग बघून घेतात.

आधी पायवाट. तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे, भिंती नव्हेत. सर्व्हे प्लॅनवर ती वाट काढलेली आहे का ते बघा. शेजारी आज जाऊ देतो, उद्या त्याचे भाट विकले गेले आणि नव्या मालकाने कुंपण घातले की सासूबाईंना रुग्णवाहिकेपर्यंत न्यायचे कसे? शिवाय पुढे एखादी खोली वाढवायची तर परवानगीला रस्त्याची रुंदी विचारतात. वाट कागदावर नसेल तर शेजाऱ्याकडून जाण्या-येण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळतो का ते आधी बघा. किंमत कमी असण्याचे कारण बहुधा हेच.

मग घर स्वतः प्लॅनवर आहे का. सत्तरच्या दशकातल्या पाहणीच्या नकाशात घराची आकृती असेल तर घर तेव्हापासून उभे आहे याचा तो चांगला पुरावा. नंतरच्या चिऱ्याच्या दोन खोल्या नकाशात नसणार. त्यांना पंचायतीचा परवाना होता का, घरपट्टीत त्या धरल्या आहेत का, हे विचारा. परवाना नसेल तर बँक त्या भागाला किंमत देत नाही आणि तक्रार झाली तर पाडण्याची नोटीस येऊ शकते.

आता भिंती. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा हे मला कधीच आवडत नाही. मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचा श्वास कोंडते. जमिनीतून चढलेली ओल आत साठते आणि भिंत आतून भुसभुशीत होते, बाहेरून रंग छान असतो. गुडघ्याच्या उंचीवर हाताने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे गिलावा सुटला आहे. नव्या-जुन्या भिंतीच्या सांध्यावर उभी भेग आहे का बघा. केसाएवढी असेल तर चालते, बोट जात असेल तर नव्या खोल्यांचा पाया वेगळा खचतो आहे.

छपराला शिडी लावून वर बघा, खालून नाही. आढे, वासे, रिपा. वाशाचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे वाळवी लागते. खिळा टोचून बघा, सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. कौले बदलणे फार महाग नाही, लाकूड महाग आहे.

विहिरीचे पाणी आत्ता बघून उपयोग नाही. शेजारच्या बायकांना विचारा, मे महिन्यात पाणी किती राहते. त्यांच्याइतके खरे उत्तर कुणी देत नाही. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किती लांब आहे तेही बघा. आणि शक्य झाले तर एकदा पावसात जा. गोव्यातले घर ऑक्टोबर ते मे सगळीकडून चांगलेच दिसते.

वकीलबाई_म्हापसा | रविवार, संध्याकाळी ६:१०

पायवाटेबद्दल इंजिनिअर साहेबांशी पूर्ण सहमत.

साळगावच्या आतल्या बाजूला बरीच भातशेती आहे, म्हणून झोन नीट बघा. घर जुने असले तरी भोवतालची जागा सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये) आहे की ऑर्चर्डमध्ये (बागायतीत) की शेतीत, यावर पुढचे सगळे ठरते. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करता येत नाही. "झोन बदलून देतो" असे कुणी सांगितले तर त्यावर एक रुपयाही देऊ नका. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आणलेल्या १७(२) कलमाखाली झोनची "दुरुस्ती" करून देण्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ज्यांनी त्या भरवशावर पैसे मोजले ते आज माझ्याकडे येऊन बसतात. बांधकामासाठी रूपांतराची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करून दिल्याचा हुकूम, आहे का तेही बघा.

आणि रोख. या बाजारात "एवढे बँकेतून, एवढे हातात" हे सर्रास चालते. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याच्या बाजूने बघा, पुढे व्यवहार मोडला तर त्या रोख रकमेचा पुरावा तुमच्याकडे काय? काही नाही.

डिचोलीतून | रविवार, रात्री ८:४५

एक वेगळा विचार. म्हापशाच्या नोकरीला थिवी, अस्नोडा, डिचोलीही जवळ पडते. आम्ही दादरची जागा विकून डिचोलीला आलो. किनाऱ्यापासून लांब असल्याने दिल्लीकर इकडे कमी येतात आणि घरवाले बसून बोलतात. पणजीचा प्रवास मात्र तुमच्या यजमानांना वाढेल.

हिशेबवही | रविवार, रात्री ९:३०

कराचे कुणी लिहिले नाही म्हणून.

आधी घ्यावे की आधी विकावे, या प्रश्नात करसवलत आड येत नाही. जुने घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत नवे घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तरी भांडवली नफ्यावरची सूट मिळते. विकून पैसे हातात आहेत आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही, तर ती रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायची. फ्लॅट २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेला असेल तर १२.५ टक्के सरळ किंवा २० टक्के महागाई निर्देशांक धरून, यांतला कमी पडेल तो कर.

गोव्याची खास गोष्ट: सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखालच्या जोडप्याचा भांडवली नफा दोघांत निम्मा-निम्मा धरला जातो. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५-ए होते. दोघांच्याही विवरणपत्रात दाखवावा लागतो, फ्लॅट एकाच्या नावावर असला तरी.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारात भरायचा. ८० लाखांवर ८० हजार. विकणारा अनिवासी असेल तर हा नियम नाही, तिथे कपात खूप मोठी होते. हळदोण्याच्या दादांनी लंडनच्या भावासाठी कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मागून ठेवावे, नाहीतर त्याच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कपात होईल आणि परताव्यासाठी थांबावे लागेल.

हळदोण्याचा | रविवार, रात्री १०:००

हे फार उपयोगाचे. त्याच्या सहीचे काय? तो इतक्यात येऊ शकत नाही.

वकीलबाई_म्हापसा | रविवार, रात्री १०:२५

मुखत्यारपत्र. तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायला सांगा. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे, ही मुदत चुकवू नका. "सर्व अधिकार" असे मोघम नको. घर, सर्व्हे नंबर आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहा. तो विवाहित असेल तर पत्नीचेही लागेल.

आंगण | पुढचा शनिवार, रात्री ९:१५

आठवडाभरात जे झाले ते लिहिते.

साळगावचे घर सोडले. पायवाट प्लॅनवर नाही आणि शेजारी लिहून द्यायला तयार नाहीत. सासूबाईच म्हणाल्या, "वाट नाही ते घर नको."

फ्लॅटची फाईल पूर्ण केली: विक्रीखत, ऑक्युपन्सी, सोसायटीचे ना-हरकत, घरपट्टी, बँकेचे बाकीचे पत्र, बोजा नसल्याचा दाखला. जाहिरात न देता सोसायटीत आणि नवऱ्याच्या ओळखीत सांगितले. फोंड्यातच भाड्याने राहणारे एक जोडपे आले, ती नर्स, तो शाळेत शिक्षक. एका गुंतवणूकदाराचा भाव यांच्यापेक्षा जास्त होता, पण त्याला थोडे रोखीत द्यायचे होते आणि ताबा लगेच हवा होता. या दोघांना घाई नाही. त्यांनी ताबा सहा महिन्यांनी घ्यायचे कबूल केले आहे. आमची अडचण त्यानेच सुटते: किंमत ठरलेली, आणि राहते घर हातात असताना दुसरे शोधायला वेळ. फ्लॅट त्यांनाच द्यायचे आम्ही ठरवले.

बँकेतला | शनिवार, रात्री ९:४०

उत्तम केलेत. फक्त करार नोंदणीकृत करा आणि त्यात ताब्याची तारीख, उशीर झाला तर काय, हे दोन्ही लिहा. त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत सहा महिन्यांत संपणार नाही ना, ते त्यांच्या बँकेला आत्ताच विचारायला सांगा. आणि हा करार दाखवून तुमची बँक नव्या घरासाठी थोड्या काळाचे जास्तीचे कर्ज देईल का तेही विचारा.

सत्तरीकर | शनिवार, रात्री ९:५२

ताई, शिक्षक आणि नर्सला दिलात. खूप बरे वाटले.

आंगण | शनिवार, रात्री १०:०५

वकीलबाई, आता घर आवडले की त्याच दिवशी टोकन द्यायची तयारी आहे. त्या पावतीवर काय लिहून घेऊ?

वकीलबाई_म्हापसा | शनिवार, रात्री १०:४०

छापून चार प्रती पर्समध्ये ठेवा, रकमा आणि दिवस हाताने भरा:

"गाव ____, सर्व्हे नंबर ____ येथील घराच्या खरेदीपोटी इसार म्हणून रुपये ____ बँकेमार्फत मिळाले. ठरलेली पूर्ण किंमत रुपये ____, सर्व रक्कम बँकेमार्फतच दिली-घेतली जाईल. खरेदीदाराचे वकील ____ दिवसांत हक्काच्या कागदांची छाननी करतील आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतील. त्यासाठी लागणारे कागद विक्रेते तीन दिवसांत देतील. या मुदतीत विक्रेते दुसऱ्या कोणाशीही व्यवहार करणार नाहीत. हक्कात, रस्त्यात, झोनमध्ये किंवा परवान्यात दोष आढळल्यास, अथवा मालमत्तेच्या कागदांमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास, इसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल. खरेदीदाराने विनाकारण माघार घेतल्यास रुपये ____ वजा होतील."

खाली विकणाऱ्या सर्वांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या. मालकाचा जोडीदार त्या क्षणी घरात नसेल तर सहीसाठी संध्याकाळपर्यंत थांबा, पैसे सही झाल्यावरच पाठवा. आणि एजंटच्या खात्यात टोकन कधीही नको, ते मालकाच्याच खात्यात.